टोपीवरचा बॉम्ब कुणाच्या बापाचा?

बिल्ल्यांचा इतिहास लिहिणारी एक जमात आहे. इंग्रजी फौजेच्या टोपीवर आणि कॉलरवर जो पितळी हातबॉम्ब लावतात ना, पेटलेला, वर ज्वाळा निघालेला, त्याच्यावर या जमातीनं ढिगानं कागद काळा केलाय. तोफखान्याच्या बॉम्बला ज्वाळा सात, इंजिनिअर्सच्या बॉम्बला नऊ, ग्रेनेडिअर गार्ड्सच्या बॉम्बला सतरा. गोळ्यावर वाघ की हत्ती, पितळ की चांदीचा मुलामा. सगळं मोजून झालंय. फक्त एक गोष्ट मोजायची राहिली. तो बॉम्ब हातात धरून भिंतीखाली धावला कोण, आणि त्याचं पुढं काय झालं.

हा विषय आम्ही घेतोय त्याला कारण आहे. आपल्यातल्या पोरांनाही हल्ली बिल्ल्यांची चटक लागलीय. छातीवर खांब, टोपीवर तलवार, मोबाईलच्या काचेवर पलटणीचं निशाण. १ जानेवारी आली की सगळ्यांच्या अंगात सुभेदार येतो. येऊ दे, वाईट काही नाही. पण ज्या बिल्ल्यानं तुझी छाती फुगते तो बनला कसा, कुणाच्या रक्तावर बनला आणि कुणी पळवला, हे तुला ठाऊक नसेल तर तुझ्या छातीत नुसती हवा भरलीय लेका.

तेव्हा आधी वस्तू बघू. ग्रेनेड हा शब्द डाळिंबाचा. फ्रेंच लोक डाळिंबाला ग्रेनेडच म्हणतात. लोखंडाचा पोकळ गोळा, आत दाण्यांसारखी ठासलेली दारू, वर भोक, भोकात वात. एका हातात हा गोळा आणि दुसऱ्या हातात जळता तोडा. तोड्यानं वात पेटवायची आणि फेकायचं. घाईनं फेकला तर समोरचा उचलून परत तुझ्याच अंगावर टाकणार. उशीर केला तर हात गेला. किल्ल्याच्या भिंतीखाली, खंदकाच्या तोंडाशी, जिथं बंदूक चालत नाही तिथं ही माणसं पुढं ढकलायची. यांचं नाव ग्रेनेडिअर. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६७ साली अशी माणसं आपल्या पलटणीत उभी केली आणि दहाएक वर्षांत इंग्लंडच्या राजानं तीच नक्कल उचलली. १६७७-७८ पासून इंग्रजी पलटणीपलटणीत ग्रेनेडिअरांची एकेक वेगळी तुकडी झाली.

टोपीची भानगड इथून सुरू होते. बाकीचे शिपाई रुंद काठाची हॅट घालायचे. ग्रेनेडिअरला बंदूक पाठीवर टाकून दोन्ही हात मोकळे करावे लागत, त्यात हा काठ आडवा यायचा. म्हणून त्याला बिनकाठाची टोपी दिली, असं सांगतात. म्हणजे कामगाराला कामाची टोपी. खाणीतल्या माणसाला हेल्मेट देतात तशी. त्यात मान नव्हता न् अपमान नव्हता. पण राजेलोकांना साधी गोष्ट साधी ठेवता येत नाही. १६७८ च्या जून महिन्यात जॉन एव्हलिन नावाच्या इंग्रज गृहस्थानं लंडनजवळ ही नवी माणसं पाहिली आणि डायरीत नोंद केली. तो लिहितो की केसाळ टोप्यांमुळं ती उग्र दिसत होती, आणि काहींच्या टोप्यांना मागं लांब शेपट्या होत्या, चित्रातल्या विदूषकांसारख्या. मरायच्या कामावर पाठवलेला माणूस पहिल्याच वर्षी बघ्याच्या डोळ्यात अर्धा राक्षस आणि अर्धा जोकर झाला होता.

पुढं ही टोपी वाढत गेली. कापडाची झाली, टोकदार झाली, तिच्यावर कशिदा आला. १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचं घराणं इंग्लंडच्या गादीवर बसलं आणि त्या घराण्याचा पांढरा घोडा ग्रेनेडिअरच्या कपाळावर चढला. १७५१ च्या हुकुमात तो घोडा आहे, राजाची अक्षरं आहेत, मुकुट आहे, आणि लॅटिन वचन आहे, ज्याचा अर्थ असा की संकटांना आम्ही भीत नाही. १७६८ च्या हुकुमानं कापड गेलं आणि अस्वलाचं काळं कातडं आलं. पुढच्या बाजूला चांदीच्या मुलाम्याचं राजाचं चिन्ह. आणि बॉम्ब? बॉम्ब टोपीच्या मागच्या बाजूला, त्याच्यावर पलटणीचा नंबर घालून. नीट बघा ही मांडणी. राजा पुढं आणि काम मागं.

गंमत अशी की तोवर मैदानावरच्या लढाईतून हातबॉम्ब जवळजवळ उठलाच होता. ग्रेनेडिअर म्हणजे आता फक्त पलटणीतले सगळ्यात उंच गडी, रांगेच्या उजव्या हाताला उभे करायचे. पूर्वी जळता तोडा ठेवायला छातीच्या पट्ट्यावर पितळेची एक नळी असायची. तोडा गेला आणि नळी शोभेला राहिली. बॉम्बही गेला आणि त्याचं चित्र टोपीवर राहिलं. काम संपलं तिथं मान सुरू झाला. आपल्या देशात हे कुणाला समजावून सांगायला नको. गोवऱ्या थापणारी बाई वेगळी न् होमात तूप ओतणारा भटजी वेगळा.

आता हा मान मिळतो कसा ते बघा. १८ जून १८१५, वॉटर्लूची लढाई. इंग्रजांच्या फर्स्ट फूट गार्ड्स पलटणीवर संध्याकाळी नेपोलियनचे खास गार्ड चालून आले. यांनी ते परतवले. गवगवा असा झाला की नेपोलियनच्या ग्रेनेडिअरांना धूळ चारली. लगेच जुलै महिन्यात हुकूम सुटला. आजपासून या पलटणीचं नाव ग्रेनेडिअर गार्ड्स. एक तुकडी कशाला, सगळ्या पलटणीला अस्वलाची टोपी आणि बॉम्बचं निशाण. पुढं अभ्यासकांनी दोन्हीकडचे कागद ताडून पाहिले तेव्हा त्यांना दिसलं की या पलटणीसमोर आलेले ते ग्रेनेडिअर नव्हतेच, नेपोलियनच्या गार्डातल्या शॅसर नावाच्या दुसऱ्या पलटणी होत्या. म्हणजे माणसं ओळखण्यात गफलत झाली आणि त्या गफलतीवर नाव मिळालं. दोनशे वर्षं झाली. कुणी परत मागितलं? कुणी म्हणालं, काढा तो बॉम्ब, तुमची पात्रता नाही? १८३१ साली तर गार्ड्सच्या आणखी दोन पलटणींना अस्वलाची टोपी देऊन टाकली, त्यांचं नाव ग्रेनेडिअर नसताना. लंडनला राजवाड्याच्या दारात आज जे अस्वल डोक्यावर घेतलेले शिपाई दिसतात आणि ज्यांचे फोटो काढायला लोक रांगा लावतात, ते हे.

फ्युझिलिअर म्हणवणाऱ्या पलटणींची कथा वेगळी नाही. १६८५ साली यांतली पहिली पलटण उभी केली ती तोफांच्या राखणीला. तोफेजवळ दारूची पिंपं, आणि साध्या शिपायाच्या तोड्याच्या बंदुकीला कायम जळती वात. ठिणगी उडाली तर सगळेच स्वर्गात. म्हणून यांना चकमकीची हलकी बंदूक दिली. तिचं नाव फ्युझिल, त्यावरून हे फ्युझिलिअर. बॉम्ब फेकणं हे यांचं कामच नव्हतं. पण टोपीवर बॉम्ब यांनीही चढवला. पुढं तर फ्युझिलिअर ही नुसती पदवी झाली. पाचव्या पलटणीला ती १८३६ साली मिळाली, विसाव्या पलटणीला १८८१ साली. पदवीमागून बॉम्ब आलाच.

इथं मुंबईचा संबंध येतो. १६६२ साली इंग्लंडच्या राजानं हुंड्यात मिळालेलं मुंबई बेट ताब्यात घ्यायला गोरे शिपाई पाठवले. १६६८ साली राजानं हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं आणि ते शिपाईही कंपनीकडं गेले. त्यांच्यातून मुंबईची गोरी पलटण झाली, पुढं तिचं नाव बॉम्बे फ्युझिलिअर्स. १८८१ साली मद्रासच्या तशाच गोऱ्या पलटणीशी जोडून तिचं रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स केलं. टोपीवर बॉम्ब, बॉम्बच्या गोळ्यावर वाघ आणि हत्ती. आपल्या मुलखात लढल्याची पावती म्हणून आपल्याच मुलखाची जनावरं. आणि ही टोपी घातली कुणी? गरीब आयरिश पोरांनी. १९१६ च्या एप्रिलमध्ये डब्लिन शहरात आयरिश लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा तो मोडायला उतरवलेल्या फौजेत हेच डब्लिन फ्युझिलिअर्स होते. भावानं भावावर बंदूक धरली, दोघांच्या घरात सारखंच दारिद्र्य. १९२२ साली आयर्लंडचा मोठा भाग सुटला आणि पलटण मोडली. बिल्ले बाजारात गेले. आता जमवणारे जमवतात.

ही झाली गोऱ्यांची पलटण. कंपनीनं काळ्यांच्या पलटणीही उभ्या केल्या आणि त्यांच्यातही इंग्रजी पद्धतीनं ग्रेनेडिअर नेमले. बॉम्बे आर्मीच्या फर्स्ट रेजिमेंटचं पहिलं बटालियन टिपूच्या वेढ्यात, १७८३-८४ साली मंगळूरला तगून राहिलं म्हणून ग्रेनेडिअर झालं. दुसरं बटालियन साधं होतं. ते ग्रेनेडिअर कशानं झालं?

१ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून रातोरात निघाला. पाचशेच्या आसपास पायदळ, ते हेच दुसरं बटालियन. तीनशेच्या आसपास पुण्याचे घोडेस्वार. दोन तोफा आणि त्यांच्यावर मद्रासचे चोवीस गोरे गोलंदाज. भीमेकाठी कोरेगावात पेशव्याच्या फौजेनं गाठलं. दिवसभर गल्लीगल्लीत, घराघरात लढाई झाली. रात्र पडेपर्यंत पाणी नाही न् भाकर नाही. आठशे चौतीसांतले दोनशे पंच्याहत्तर मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तिथं खांब उभा राहिला. त्याच्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली आहेत. त्यांतली बावीस नावं ‘नाक’नं संपतात. ‘नाक’ म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकाला सांगायची गरज नाही.

या लढाईबद्दल दुसऱ्या बटालियनला बक्षीस मिळालं. ते ग्रेनेडिअर झालं. म्हणजे पितळेचा तो बॉम्ब, लुईच्या खंदकातून निघालेला, लंडनच्या अस्वलाच्या टोपीवर चढलेला, भीमेच्या काठावर आला आणि त्याची किंमत नाकांनी मोजली. इथं काही गफलत नव्हती. वॉटर्लूसारखं समोर कोण होतं याचा घोटाळा नव्हता. कोण मेलं ते दगडात कोरलेलं आहे.

मग पुढं काय झालं? पलटण राहिली. ग्रेनेडिअर हे नाव राहिलं. कोरेगावचा मान पलटणीच्या निशाणावर राहिला. माणूस तेवढा गेला. १८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. त्यानं आणि त्याच्या चेल्यांनी शोध लावला की काही जाती जन्मानंच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत. मनूनं जे संस्कृतात लिहिलं तेच या बहाद्दरांनी इंग्रजीत, भरतीच्या रजिस्टरात लिहिलं. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कारण काय? उच्च जातीच्या शिपायाला महार सुभेदाराला सलाम ठोकायला लाज वाटते, आणि महार लढाऊ नाही. ज्यांच्या मरणानं टोपीवर बॉम्ब आला, ते बॉम्ब लावायला नालायक ठरले. १९०३ साली या पलटणीला १०२ नंबर मिळाला, १९२२ साली ती फोर्थ बॉम्बे ग्रेनेडिअर्सचं दुसरं बटालियन झाली. नाव बॉम्बे, माणसं लढाऊ ठरलेल्या उत्तरेकडच्या जातींची.

कुणी म्हणेल, हे फक्त आपल्याच वाट्याला आलं. नाही बाबा. गोऱ्या गरिबाच्या वाट्यालाही आलं, तेवढं बघून ठेव. १९१४ साली महायुद्ध पेटलं, खंदक खणले गेले आणि दीडशे वर्षांनी हातबॉम्ब परत आला. आधी कारखान्यातून पुरवठा नव्हता. मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून शिपाई फेकायचे. १९१५ साली मिल्स बॉम्ब आला. साध्या पलटणींतली जी पोरं हे काम करायची त्यांना लोक ग्रेनेडिअर म्हणू लागले. म्हणणारच, अडीचशे वर्षांपूर्वी हे नाव याच कामाला पडलं होतं. पण ग्रेनेडिअर गार्ड्सना झोंबलं. हे नाव आमचं, म्हणाले. आणि १९१६ साली वरून ठरलं की बॉम्ब फेकणाऱ्याला ग्रेनेडिअर म्हणायचं नाही, बॉम्बर म्हणायचं. आहे की नाही? जो फेकतो त्याला नाव नाही. ज्याच्या आजोबाच्या आजोबानंही फेकला की नाही याचा पत्ता नाही, त्याला नाव आहे. सवर्ण कुठल्या एका देशाची मिरास नाही दोस्तांनो.

त्याच युद्धात इंग्रजाला माणसं कमी पडली आणि महार पुन्हा लढाऊ झाला. १९१७ साली १११ वी महार पलटण काढली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडली. म्हणजे चार वर्षं लढाऊ, मग परत अस्पृश्य. १९४१ साली दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं लागली. तेव्हा बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर होते, दबाव होता, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. पहिल्यांदा मान आणि माणूस एका टोपीवर आले.

किती दिवस? देश स्वतंत्र झाल्यावर महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरून तो खांब काढला आणि तिथं खंजीर आला. म्हणाल, बरोबर आहे, इंग्रजाची आठवण कशाला हवी. ठीक. मग ग्रेनेडिअर्स रेजिमेंटच्या बिल्ल्यावर काय राहिलं? पितळी बॉम्ब, आणि बॉम्बवर पांढरा घोडा. कुणाचा घोडा? हॅनोव्हरच्या राजाचा. १७५१ च्या हुकुमातला. जर्मनीतून आलेल्या इंग्रज राजाचा घोडा स्वतंत्र भारताला चालला. बावीस नाकांच्या नावांचा खांब चालला नाही. याच्यावर आणखी भाष्य करायची आम्हाला गरज वाटत नाही. ज्याला डोळे आहेत त्यानं दोन बिल्ले शेजारी ठेवावेत.

आता त्या लोकांशी दोन शब्द, जे दर वर्षी विचारतात, तुम्ही इंग्रजांकडून लढलात ना? हो, लढलो. बॉम्बे आर्मीत मराठे होते, मुसलमान होते, परदेशी होते, ज्यू होते. पेशव्याकडून त्या दिवशी अरब लढले. गादी वाचवायला कंपनीशी तह करणाऱ्या सरदारांची आणि संस्थानिकांची यादी करायला घेतली तर हे मासिक पुरणार नाही. त्यांच्या वाड्यांना तुम्ही वारसा म्हणता. मग गद्दार शब्द तेवढा आमच्यासाठीच राखून ठेवलाय काय? गळ्यात मडकं बांधणाऱ्यानं निष्ठा मागायची हा कुठला न्याय? २०१८ च्या १ जानेवारीला, दोनशेव्या वर्षी, तिथं जाणाऱ्यांवर दगड पडले. खांब दोनशे वर्षं उभाच होता. टोचला तो नावं वाचणारा माणूस.

आणि आता आपल्या पोरांशी. तुला वाटेल, एवढं सांगितल्यावर आम्ही म्हणणार, बिल्ला परत मागा. मुळीच नाही. कंपनी तुझ्या मुक्तीसाठी लढत नव्हती. ती व्यापाऱ्यांची टोळी होती आणि तिला स्वस्तात मरणारे हात हवे होते. पेशवाई बुडाली याचा आनंद आम्ही लपवत नाही, पण पेशवाई बुडवणारा तुझा सोयरा नव्हता. ज्या हातानं बॉम्ब दिला त्याच हातानं १८९२ ला हाकललं. दिलेला मान काढून घेता येतो. तो कधी तुझा नसतोच, देणाऱ्याच्या खात्यावर असतो.

त्या फौजेतून आपल्याला दुसरी एक गोष्ट मिळाली, तिच्यावर कुणी खांब बांधला नाही. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या पोरांना शिकवायचे. महाराच्या हातात पाटी आली ती तिथं. गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ साली निवृत्त झाले आणि त्यांनी लेखणी उचलली. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ काढलं, १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेच्या मंत्र्याकडं अर्ज धाडला. सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत मास्तर होते. त्यांचा पोरगा १ जानेवारी १९२७ ला त्या खांबापाशी उभा राहिला आणि १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यानं इंग्रजाला तोंडावर विचारलं, तुमच्या आधी आम्हाला फौजेत वाव नव्हता, आता तरी आहे काय? राजवाड्याच्या दारात अस्वलाच्या टोप्या पहारा देत होत्या, आणि त्याच शहरात ज्यांच्याकडून मान काढून घेतला त्यांचा पोरगा हिशेब मागत होता. त्याच्या डोक्यावर कुठलाच बॉम्ब नव्हता.

बिल्ला त्यांनी परत घेतला. पाटी परत घेता आली नाही. म्हणून पोरा, खांबापाशी जरूर जा, दर वर्षी जा. पण फोटो काढून परत फिरू नकोस. जवळ जा आणि नावं वाच. मोठ्यानं वाच, नाकासकट. मग घरी येऊन तुझ्या वस्तीत आज कोण जळता गोळा हातात धरून उभा आहे ते बघ. गटारात उतरणारा कोण, मुतारी धुणारा कोण, आणि त्या स्वच्छतेचं बक्षीस स्टेजवर घेणारा कोण. तिथं बॉम्ब आणि टोपी अजून वेगवेगळ्या डोक्यांची आहे. लढाई तिथं आहे.

जयभीम.